कोकण किनाऱ्यावरील नौकानयन सुरक्षा

कोकण किनाऱ्यावरील नौकानयन सुरक्षा म्हणजे महाराष्ट्राच्या किनाऱ्यालगत चालणारी जहाजे, प्रवासी बोटी व मासेमारी नौका यांना निर्धोक मार्ग काढता यावा आणि संकटसमयी त्यांना मदत मिळावी यासाठी गेल्या सुमारे दोन शतकांत उभी राहिलेली व्यवस्था होय. दीपगृहे, बोये, सागरी नकाशे, हवामानाचे इशारे, संदेशयंत्रणा, प्रवासी नौकांविषयीचे नियम आणि शोध व बचाव कार्य यांचा तीत समावेश होतो. या व्यवस्थेची दोन अंगे आहेत. किनाऱ्याने नौकेला तिचे स्थान कळवणे हे पहिले, आणि नौकेने आपली अवस्था किनाऱ्याला कळवणे हे दुसरे. कोकणात पहिल्या अंगाची वाढ एकोणिसाव्या शतकातच चांगली झाली. दुसरे अंग मात्र फार काळ दुबळे राहिले. १७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' ही प्रवासी बोट मुंबईपासून काही मैलांवर बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हा ही उणीव प्रकर्षाने उघड झाली.

किनाऱ्याचे स्वरूप व धोके

महाराष्ट्राचा किनारा परंपरेने सुमारे ७२० किलोमीटर लांबीचा मानला जातो. पालघर, ठाणे, मुंबई शहर, मुंबई उपनगर, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे जिल्हे त्याच्या काठी आहेत. किनारा सरळ नाही. धरमतर, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग अशा खाड्यांनी तो जागोजागी चिरलेला आहे. खाड्यांच्या मुखाशी वाळूचे दांडे साचतात आणि दरवर्षीच्या पावसाळ्यानंतर ते थोडेफार जागा बदलतात. त्यामुळे मागील वर्षी सुरक्षित असलेली वाट यंदाही तशीच असेल असे नाही. खडक हा दुसरा धोका होय. यांतील कित्येक खडक भरतीच्या वेळी पाण्याखाली जातात आणि ओहोटीला उघडे पडतात. मुंबईच्या परिसरात उधाणाच्या दिवशी भरती व ओहोटी यांच्या पातळीतील फरक चार मीटरहून अधिक असतो. दक्षिणेकडे वेंगुर्ल्यापर्यंत जाताना तो कमी होत जातो. अमावस्या व पौर्णिमा यांच्या सुमारास उधाण येते, तर अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, हे कोळी समाजाला तिथीवरूनच ठाऊक असते.

सर्वांत मोठा धोका नैऋत्य मोसमी वाऱ्यांचा आहे. जूनपासून समुद्र खवळतो, दृश्यता घटते आणि किनाऱ्याच्या दिशेने वाहणारा वारा नौकेला खडकांकडे लोटतो. म्हणूनच नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या ओढून ठेवण्याची जुनी चाल आहे. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर साधारणपणे १ जून ते ३१ जुलै या काळात असलेल्या बंदीचा मुख्य हेतू मत्स्यबीजाचे रक्षण हा असला, तरी तिच्यामुळे माणसांचे रक्षणही होते.

दीपगृहांपूर्वी

दीपगृहे होण्यापूर्वी तांडेल किनाऱ्यावरील खुणांवर अवलंबून असत. डोंगराचा एखादा सुळका व त्याच्या पुढचे देवळाचे शिखर किंवा किल्ल्याचा बुरूज एका रेषेत आले, की नौका विशिष्ट वाटेवर आहे असे समजे. अशा दोन रेषा जेथे छेदतात तेथे नौकेचे स्थान निश्चित होते. आधुनिक नौकानयनशास्त्रातील दिशारेषांचे तत्त्व हेच आहे. खोली मोजण्यासाठी दोरीला बांधलेले वजन पाण्यात सोडत. ही विद्या तोंडी होती व बापाकडून मुलाकडे जाई. तिची मर्यादाही उघड होती, कारण रात्री आणि पावसाच्या पडद्याआड खुणा दिसत नसत.

दीपगृहे

मुंबई बंदराची वाढ झाली तशी प्रवेशमार्गावर कायमच्या दिव्यांची गरज निर्माण झाली. बंदराच्या आतील डॉल्फिन खडकावर १८५६ साली दीपगृह झाले. मुंबईच्या दक्षिणेस, थळच्या समोर असलेल्या खांदेरी बेटावर १८६७ साली दीपगृह उभारण्यात आले. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये याच बेटावर किल्ला बांधण्यास सुरुवात केली होती आणि त्यावरून इंग्रजांशी संघर्ष झाला होता. बंदराच्या तोंडावर नजर ठेवण्यास योग्य असलेली जागा दिवा लावण्यासही योग्य ठरली, यात आश्चर्य नाही. १९९८ मध्ये बेटाला कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले.

कुलाब्याच्या दक्षिण टोकापुढे खडकांची एक लांब पट्टी समुद्रात शिरलेली आहे. तिच्या टोकाशी १८७५ साली प्राँग्ज दीपगृह बांधून पूर्ण झाले. अभियंता टॉमस ऑर्मिस्टन यांच्या देखरेखीखाली झालेला हा मनोरा सुमारे ४१ मीटर उंच आहे. पाया घालण्याचे काम ओहोटीच्या वेळा साधून करावे लागे. आजही मोठ्या ओहोटीच्या वेळी खडकांवरून चालत तेथपर्यंत जाता येते, आणि भरती आली की मनोरा पाण्याने वेढला जातो. १८८४ मध्ये बंदराच्या वाटेवरील सन्क रॉक या बुडीत खडकावर दीपगृह झाले. दक्षिणेकडे रत्नागिरीचा रत्नदुर्ग, जयगड, देवगड आणि वेंगुर्ल्यासमोरील खडकाळ बेटे येथील दिव्यांनी ही साखळी पुढे नेली.

दीपगृहाचा मनोरा उंच का असतो, याचे कारण पृथ्वीच्या गोलाईत आहे. चाळीस मीटर उंचीवरचा दिवा पाण्याच्या पातळीवरून पाहणाऱ्याला सुमारे २२ ते २३ किलोमीटरपर्यंतच थेट दिसू शकतो. त्यापलीकडे तो कितीही प्रखर असला तरी क्षितिजाआड जातो. जहाजाच्या उंच डेकवरून पाहणाऱ्याला तो याहून दुरून दिसतो. उंचीइतकेच महत्त्व दिव्याच्या ओळखीला असते. प्रत्येक दीपगृहाच्या चमकण्याचा क्रम वेगळा ठेवलेला असतो. किती सेकंदांनी किती वेळा दिवा चमकतो हे घड्याळ लावून मोजले आणि नोंदपुस्तकाशी पडताळले, की तो दिवा कोणत्या ठिकाणचा हे निश्चित होते. दिवसा हेच काम मनोऱ्याचे रंगपट्टे करतात. अशी ओळख नसलेला दिवा उपयोगापेक्षा घातच अधिक करतो. खलाशाने एक दिवा दुसऱ्या ठिकाणचा समजून वळण घेतले, तर तो खडकावर जाण्याचा संभव असतो.

बंदराच्या वाटेवर बोये वापरतात. भारत ज्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत मोडतो तीनुसार समुद्रातून बंदरात शिरताना लाल बोये डाव्या हाताला आणि हिरवे उजव्या हाताला असतात. अमेरिका खंडात हा क्रम उलटा आहे.

आरंभी दीपगृहांचा कारभार स्थानिक बंदर अधिकारी व प्रांतिक सरकारे यांच्याकडे विभागलेला होता. १९२७ च्या भारतीय दीपगृह कायद्याने प्रमुख दीपगृहे केंद्र सरकारच्या अखत्यारीत आणली आणि जहाजांकडून दीपशुल्क घेण्याची एकसूत्री पद्धत घालून दिली. म्हणजे दिव्याचा खर्च त्या दिव्याचा लाभ घेणाऱ्या जहाजांनी द्यावा, असे तत्त्व रूढ झाले. हा कायदा जवळजवळ शतकभर टिकला. २०२१ मध्ये त्याच्या जागी सागरी नौकानयन साहाय्यविषयक नवा कायदा आला व त्याने रडार, रेडिओ आणि नौकांची वाहतूक नियंत्रित करणाऱ्या केंद्रांनाही आपल्या कक्षेत घेतले.

आगबोटींचा काळ

रस्ते व रेल्वे नसलेल्या कोकणाला मुंबईशी जोडण्याचे काम दीर्घकाळ आगबोटींनी केले. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी 'शेपर्डच्या बोटी' म्हणून ओळखल्या जात. तिच्याशी स्पर्धा करणारी इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन कंपनी ही भारतीय भांडवलावर उभी राहिलेली होती. तिला लोक आपुलकीने 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. बहुतेक बंदरांत धक्के नव्हते, म्हणून बोट खोल पाण्यात नांगर टाकून उभी राही आणि प्रवासी, बोचकी, कोंबड्या व आंब्याच्या पेट्या पडावातून बोटीपर्यंत नेल्या जात. हलणाऱ्या पडावातून हलणाऱ्या बोटीच्या शिडीवर पाय ठेवणे हा या प्रवासातील नित्याचा धोका होता. त्याची नोंद अपघातांच्या इतिहासात फारशी आढळत नाही, कोकणातील घरोघरच्या आठवणींत मात्र ती आहे.

११ नोव्हेंबर १९२७ रोजी आलेल्या वादळात 'जयंती' व 'तुकाराम' या दोन प्रवासी बोटी एकाच दिवशी बुडाल्या. दीपगृह कायदाही त्याच वर्षीचा आहे. हा योगायोग मानला पाहिजे, कारण कायद्याचा रोख दिव्यांच्या प्रशासनावर होता. या दोन बोटींच्या नाशाने उभा केलेला प्रश्न निराळा होता. वादळाची वर्दी वाटेतल्या बोटीला कोण देणार, आणि बोट संकटात सापडल्याचे किनाऱ्याला कसे कळणार? त्याचे समाधानकारक उत्तर पुढील वीस वर्षांतही मिळाले नाही.

रामदास बोटीची दुर्घटना

'रामदास' ही १९३६ साली इंग्लंडमध्ये बांधलेली बोट माझी आगबोट कंपनीच्या ताफ्यात होती. गुरुवार, १७ जुलै १९४७ रोजी सकाळी ती मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. आषाढातील अमावस्येचा सण जवळ आल्यामुळे गावी जाणाऱ्यांची गर्दी होती. दिवस उधाणाचे होते आणि पावसाळा ऐन भरात होता. कोकणातील लांब पल्ल्याच्या बोटी पावसाळ्यात बंद असत, परंतु रेवसची फेरी जवळची, बंदराच्या आवारातील मानली जाई. अंतर थोडे म्हणून धोका थोडा, हा समज या फेरीमागे होता.

काशाच्या खडकाच्या परिसरात वारा व लाटा यांचा जोर वाढला. बोट एका बाजूला कलली, घाबरलेल्या प्रवाशांची एकाच बाजूस दाटी झाली आणि पाहता पाहता ती उलटली, असे वाचलेल्यांच्या आठवणींत सांगितले जाते. सहाशेहून अधिक लोक बुडाले. मृतांत परळ, लालबाग, गिरगाव अशा भागांत राहणारे व रायगड किनाऱ्याशी नाते असलेले अनेकजण होते. कित्येक कुटुंबांतील एकाहून अधिक माणसे गेली.

बोटीवर बिनतारी संदेशयंत्रणा नव्हती. त्यामुळे मुंबईसारख्या मोठ्या बंदराच्या तोंडाशी, तीन दीपगृहांच्या टापूत, एक प्रवासी बोट बुडाल्याची वार्ता शहराला कित्येक तास समजली नाही. पोहत व तरंगत्या वस्तूंच्या आधाराने किनाऱ्याला लागलेल्या माणसांनीच ती दुपार टळून गेल्यावर मुंबईत आणली. त्याआधी जी मदत झाली ती रेवस परिसरातील कोळ्यांनी केली. मासळी घेऊन निघालेल्या त्यांच्या होड्यांना बुडणारी माणसे दिसली. त्यांनी मासळीची पर्वा न करता माणसांना वर घेतले. कोणत्याही सरकारी यंत्रणेपूर्वी झालेले हे बचावकार्य त्या दिवशीचे एकमेव परिणामकारक बचावकार्य म्हणावे लागेल.

येथे एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. १९१२ मध्ये 'टायटॅनिक' बुडाल्यानंतर समुद्रावरील जीविताच्या सुरक्षेविषयी १९१४ मध्ये लंडन येथे पहिला आंतरराष्ट्रीय करार तयार झाला. जहाजावरील बिनतारी यंत्र, जीवरक्षक नौका व कवायती यांवर त्याचा भर होता. मात्र या करारांचा रोख एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या जहाजांवर राहिला. किनाऱ्यालगत चालणारी, तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांनी भरलेली बोट त्या कक्षेबाहेर होती. ज्या मार्गावर माणसे अधिक आणि पैसा कमी, त्या मार्गावर सुधारणा उशिरा पोहोचते, याचे हे ठळक उदाहरण होय. दुर्घटनेनंतर प्रवासी बोटींवर संदेशयंत्रणा असावी आणि पावसाळ्यात अशा फेऱ्या सोडू नयेत यासाठी आग्रह धरला गेला. चारच आठवड्यांनी देश स्वतंत्र झाला आणि फाळणीच्या बातम्यांत ही घटना लोकांच्या स्मरणातून मागे पडली.

बिनतारी यंत्रापासून उपग्रहापर्यंत

स्वातंत्र्योत्तर काळात १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्याने जहाजांवरील सुरक्षासाधनांची चौकट घालून दिली. भारतीय तटरक्षक दलाची स्थापना १९७७ मध्ये झाली आणि १९७८ च्या कायद्याने तिला वैधानिक आधार मिळाला. भारताच्या जबाबदारीतील सागरी क्षेत्रात शोध व बचाव कार्याचा समन्वय हे दल करते. पश्चिम किनाऱ्यासाठीचे प्रमुख समन्वय केंद्र मुंबईत आहे. समुद्रातील आणीबाणीसाठी १५५४ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

नौकेवरील अतिउच्च वारंवारतेच्या रेडिओचा सोळावा चॅनेल संकटाच्या हाकेसाठी जगभर राखून ठेवलेला आहे. हा रेडिओही दीपगृहाच्या प्रकाशाप्रमाणे साधारण सरळ रेषेत जातो, म्हणून त्याची पोच अँटेनाच्या उंचीवर ठरते. खोल समुद्रात उपग्रहाशी जोडलेली आणीबाणीची बीकन उपयोगी पडते. नौका बुडाल्यास ती सुटून तरंगते आणि ४०६ मेगाहर्ट्झवर आपोआप संकेत पाठवू लागते. १९९९ पासून मोठ्या जहाजांसाठी ही सर्व साधने जागतिक संकटसंदेश व्यवस्थेचा भाग म्हणून पूर्णपणे लागू झाली. 'रामदास'ला जे बोलता आले नाही, ते आता यंत्र बोलते.

२६ नोव्हेंबर २००८ चा मुंबईवरील हल्ला समुद्रमार्गे आलेल्या अतिरेक्यांनी केला. त्यासाठी त्यांनी 'कुबेर' ही मासेमारी नौका पळवली होती. त्यानंतर किनाऱ्यावर रडारची साखळी व स्वयंचलित नौका-ओळख यंत्रणेची केंद्रे उभारण्यात आली. त्यांपैकी अनेक उपकरणे दीपगृहांच्या आवारातच बसवलेली आहेत. या यंत्रणेत नौका आपले नाव, स्थान, वेग व दिशा ठरावीक अंतराने प्रक्षेपित करते. २० मीटरहून लांब नौकांना ती बंधनकारक करण्यात आली. उद्देश सुरक्षा दलांच्या दृष्टीने पाळत ठेवणे हा होता, तरी टक्कर टाळण्यास व शोधकार्यास तिचा मोठा उपयोग झाला. बहुसंख्य मच्छीमार नौका मात्र २० मीटरपेक्षा लहान असल्याने त्या बाहेर राहिल्या.

इशारा आणि त्याचे पालन

भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ मध्ये झाली. प्राँग्ज दीपगृहही त्याच वर्षी पूर्ण झाले. बंदरांवर चढवल्या जाणाऱ्या क्रमांकित इशाऱ्यांची पद्धत जुनी आहे. 'तीन नंबरचा बावटा लागला' हे वाक्य कोकणातील बंदरगावांत आजही ऐकू येते. मात्र समुद्रात गेलेल्याला बंदरावरचा बावटा दिसत नाही. ११ नोव्हेंबर २००९ रोजी, म्हणजे १९२७ च्या वादळाच्याच तारखेला, 'फयान' चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आले. तेव्हा समुद्रात असलेल्या अनेक मच्छीमारांना परतता आले नाही.

मे २०२१ मधील 'तौक्ते' चक्रीवादळाने निराळा धडा दिला. वादळाचा इशारा काही दिवस आधीपासून मिळत होता. तरीही मुंबईच्या पश्चिमेस तेलक्षेत्रात काम करणारा, स्वतःचे इंजिन नसलेला निवासी तराफा 'पी-३०५' समुद्रातच राहिला. नांगर तुटून तो वाहत गेला व १७ मे रोजी बुडाला. तराफ्यावरील २६१ जणांपैकी बहुतेकांना नौदलाने अत्यंत कठीण परिस्थितीत वाचवले, तरी हा तराफा व सोबतची एक टगबोट मिळून सत्तरहून अधिक बळी गेले. माहितीचा अभाव हे या घटनेचे कारण नव्हते. माहिती होती, निर्णय झाला नाही.

गजबजलेला बंदरमार्ग

मुंबई बंदर आणि १९८९ मध्ये सुरू झालेले न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर यांचा प्रवेशमार्ग एकच आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी या मार्गावर 'एमएससी चित्रा' व 'खलिजिया-३' या जहाजांची टक्कर झाली. कलंडलेल्या 'चित्रा'वरील कंटेनर समुद्रात पडून मार्गात पसरले, तेल सांडले आणि दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस बंद राहिली. ३० जानेवारी २०११ रोजी नौदलाची 'विंध्यगिरी' ही युद्धनौका सन्क रॉक दीपगृहाच्या परिसरात 'नॉर्डलेक' या मालवाहू जहाजावर आदळली व पुढे तिला जलसमाधी मिळाली. २४ ऑक्टोबर २०१८ रोजी एक वेगवान बोट अरबी समुद्रातील शिवस्मारकाच्या नियोजित स्थळाकडे जाताना दीपगृहाजवळील खडकाला लागून बुडाली. एकाचा मृत्यू झाला. त्या वेळी दिवस होता आणि खडक नकाशावर होता. दीपगृह वाट दाखवते, पण सुकाणू धरणाऱ्याच्या जागी उभे राहू शकत नाही.

प्रवासी नौका

छोट्या बंदरांचा कारभार व प्रवासी जलवाहतुकीचे नियमन महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. मंडळाची स्थापना १९९६ च्या कायद्याने झाली. गेटवे ऑफ इंडिया ते घारापुरी व मांडवा, राजपुरी ते जंजिरा, आगरदांडा ते दिघी, दाभोळ ते धोपावे असे अनेक मार्ग नियमित चालतात. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी वाहने नेणारी रो-रो सेवा सुरू झाली. याच महिन्यात, १४ मार्च रोजी, मांडव्याजवळ एक प्रवासी बोट बुडू लागली असता रायगड पोलिसांच्या गस्ती नौकेने ८८ प्रवाशांना सुखरूप बाहेर काढले.

१८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या बोटीवर इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान नौका ताबा सुटून आदळली. पंधराजण दगावले. बोटीवर परवान्यातील संख्येपेक्षा अधिक प्रवासी होते आणि बहुतेकांच्या अंगावर जीवरक्षक जाकीट नव्हते. त्यानंतर प्रवाशांना जाकीट घालणे सक्तीचे करण्यात आले. जाकिटे बोटीवर असणे आणि ती अंगावर असणे यांत फार अंतर आहे. बोट उलटू लागल्यावर बाकाखालची जाकिटे काढून ती बांधण्यास अवधी मिळत नाही.

या मार्गांवरील प्रवाशांपैकी मोठा भाग समुद्रकाठचा नसतो. वाशीम, हिंगोली, यवतमाळ यांसारख्या समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या जिल्ह्यांतून कौटुंबिक व शालेय सहली मुंबईला येतात, आणि गेटवेची बोट ही अनेकांच्या आयुष्यातील पहिली बोट असते. अशा प्रवाशाला एका कडेला गर्दी करू नये, भरतीच्या वेळी चढताना कठड्यावर हात ठेवू नये, जाकिटाचे पट्टे आधीच आवळून घ्यावेत, या साध्या गोष्टी कोणी सांगितल्याखेरीज कळत नाहीत. विमानात उड्डाणापूर्वी दिल्या जातात तशा सूचना मराठीत व हिंदीत देण्याची पद्धत जलवाहतुकीत अद्याप पुरेशी रुजलेली नाही.

मॉरिशसचे उदाहरण

लहान द्वीपराष्ट्रांत नौकानयन सुरक्षेचा प्रश्न अधिक बिकट असतो, कारण अन्न, इंधन व औषधे जहाजानेच येतात, सागरी क्षेत्र भूभागाच्या कित्येक पट मोठे असते आणि देखरेखीची साधने तोकडी असतात. मराठी वाचकांना यांपैकी मॉरिशस जवळचे आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्यांत कोकणातील अनेक कुटुंबे होती, आणि त्यांचे वंशज आजही तेथे मराठी समाज म्हणून ओळखले जातात.

२५ जुलै २०२० रोजी 'वाकाशिओ' हे सुमारे ३०० मीटर लांबीचे रिकामे मालवाहू जहाज मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावरील प्रवाळखडकावर चढले. मोबाइलचा संपर्क मिळावा म्हणून जहाज ठरलेल्या मार्गावरून किनाऱ्याकडे वळवण्यात आले होते आणि त्या भागाचा पुरेसा तपशीलवार नकाशा वापरात नव्हता, असे चौकशीत निष्पन्न झाले. ६ ऑगस्टपासून सुमारे १,००० टन तेल समुद्रात गेले. बेटावरील लोकांनी उसाचे पाचट कापडी पिशव्यांत भरून तेल अडवणारे तरंगते बांध तयार केले. 'रामदास'च्या वेळी बोटीजवळ बोलण्याचे साधन नव्हते. 'वाकाशिओ'वर सर्व साधने होती, परंतु त्यांचा उपयोग करणारी दक्षता नव्हती.

भारताने मॉरिशस, सेशेल्स, मालदीव या देशांना किनारी रडार उभारण्यास साहाय्य केले आहे, आणि भारतीय नौदलाच्या सर्वेक्षण नौकांनी मॉरिशसच्या जलक्षेत्राची मोजणी करून नकाशे तयार केले आहेत. भारतीय सागरी नकाशांचे काम डेहराडून येथील राष्ट्रीय जलालेखन कार्यालय पाहते. समुद्रापासून इतक्या दूर, हिमालयाच्या पायथ्याशी हे कार्यालय असणे अनेकांना नवलाचे वाटते.

लहान नौकांची स्थिती

कोकणातील सुरक्षाव्यवस्थेची कसोटी अजूनही दहा-बारा मीटरच्या मासेमारी नौकेवर लागते. मोबाइलची पोच किनाऱ्यापासून काही किलोमीटरपर्यंतच असते, आणि मासळी मात्र दिवसेंदिवस अधिक दूर जाऊन शोधावी लागते. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते नौका संपर्क व साहाय्य प्रणालीचा देशव्यापी आरंभ करण्यात आला. सुमारे ३६० कोटी रुपयांच्या या योजनेत किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील एक लाख यांत्रिक व मोटर बसवलेल्या मासेमारी नौकांवर ट्रान्सपाँडर बसवायचे आहेत. उपग्रहामार्फत दोन्ही बाजूंनी संदेश देणारे हे उपकरण वादळाचा इशारा खोल समुद्रातील तांडेलापर्यंत पोहोचवते, आणि संकटात कळ दाबल्यास नौकेचे स्थान किनाऱ्याला कळवते. शीड व वल्ह्यांवर चालणाऱ्या होड्या या योजनेत येत नाहीत. त्या प्रामुख्याने खाडीत व किनाऱ्यालगत चालतात, आणि त्यांच्यावरील माणसे संकटात सापडल्यास प्रथम धावून जाते ती बहुधा शेजारचीच दुसरी होडी.